मलावीला कोनशिला नको, डिझेलचे पैसे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात इथल्या एका चर्चच्या मंडळींनी आफ्रिकेत मदत पाठवल्याची बातमी होती, सोबत फीत कापतानाचा फोटो. बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे हे सगळं धर्मांतरासाठी, दुसरी म्हणे केवढं पुण्याचं काम. मी आफ्रिकेतल्याच मलावीत, राजधानी लिलाँग्वेला, काही वर्षं एका ट्रेडिंग कंपनीचे अकाउंट्स बघायचो. त्यामुळे दोन्ही पार्ट्यांचं बोलणं मला वरवरचं वाटलं, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण डिझेलचा भाग ठेवा.

धर्मांतराचं आधी उरकतो. २०१८ च्या जनगणनेप्रमाणे मलावीत शंभरातले सत्त्याहत्तर लोक आधीच ख्रिश्चन आहेत, साधारण चौदा मुसलमान. तिथे चर्च म्हणजे बाहेरून आलेली पार्टी नाहीच, गावातली सगळ्यात जुनी संस्था आहे. सरकारी ऑफिस चाळीस किलोमीटरवर असेल पण चर्च पायी अंतरावर सापडतं. त्यामुळे खरा प्रश्न वेगळाच आहे, बाहेरचा पैसा आला की तो कोणाच्या हातात जातो आणि पाहुणे विमानात बसल्यावर काय उरतं.

याचं उत्तर मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते दवाखान्यांत. मलावीच्या स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनी मिळून ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी काढली, तिकडे सगळे नुसतं चॅम म्हणतात. देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा ही चर्चची हॉस्पिटलं सांभाळतात, आणि तोही जास्त करून खेड्यापाड्यात. आता गंमत बघा, इथल्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसरांचे (डॉक्टर नसताना त्यांचं बरंचसं काम करणारे) पगार देतं सरकार. इमारत आणि कारभार चर्चचा. उरलेला खर्च पेशंटच्या फीमधून आणि स्कॉटलंड, कॅनडा, नेदरलँड्स, अमेरिका अशा ठिकाणच्या भागीदार चर्चकडून. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट असतात पण चॅममध्ये फी लागते, म्हणून २००० नंतरच्या दशकात सरकारने त्यांच्याशी करार सुरू केले, की जवळ सरकारी सोय नसेल तिथे बाळंतपणं आणि लहान मुलं फुकट बघा, बिल आम्हाला पाठवा. मला तर हे फार शहाणपणाचं वाटलं. फक्त सरकारी बिल ते सरकारी बिल, ते थकतं, आणि थकलं की हॉस्पिटलची औषधं, जनरेटर, अँब्युलन्स सगळ्याचीच ओढाताण सुरू होते.

इथेच मला बाहेरच्या पार्टनरांशी भांडायचंय. सगळ्यांना वॉर्ड बांधून द्यायचा असतो. कोनशिलेवर नाव येतं, फोटो निघतो, परत गेल्यावर रविवारी चर्चमध्ये दाखवता येतो. महिन्याच्या डिझेलचा फोटो कोण काढणार हो? पण वीज गेली की ऑपरेशन थिएटर डिझेलवर चालतं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने क्वाचाची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत एका फटक्यात ४४ टक्क्यांनी उतरवली तेव्हापासून तर बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू, इंधन, ग्लोव्ह्ज, औषधं, सगळंच महागलं. डॉलरची टंचाई, पेट्रोल पंपावर रांगा. (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चकवेरा स्वतः राजकारणात यायच्या आधी असेम्ब्लीज ऑफ गॉड चर्चचे प्रमुख होते, पण त्याने रांग काही कमी झाली नाही.) वर २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली, ज्या देशाचे एचआयव्हीचे कार्यक्रम बऱ्याच अंशी त्या पैशावर चालत होते त्यांनी एका रात्रीत काय करायचं. अशा वेळी दूरच्या एखाद्या छोट्या गावातलं चर्च दर महिन्याला ठरलेली रक्कम न चुकता पाठवतं, त्याची किंमत नव्या वॉर्डपेक्षा जास्त. आमच्या धंद्यात याला वर्किंग कॅपिटल म्हणतात, दुकान त्याच्यावर चालतं, शटरच्या रंगावर नाही.

बोअरवेलचंही तेच. मलावीत गावोगाव ॲफ्रिडेव्ह नावाचा हातपंप दिसतो, मुद्दाम असा बनवलाय की गावातल्या माणसांनी कमी हत्यारांत तो उघडून दुरुस्त करावा. पण पार्ट संपला, बाजार लांब, वायसर आणायला पैसे गोळा करणारी कमिटी नाही, की पंप गंजत उभा. बाया परत डबक्यावर. आणि पुढच्या वर्षी दुसरे पाहुणे येऊन त्याच गावात नवी बोअर मारतात, हे मी ऐकीव सांगत नाहीये.

आता चांगलं उदाहरण. उत्तरेला मझुझूजवळ एक्वेंडेनी म्हणून गाव आहे, तिथे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चचं मिशन हॉस्पिटल. तिथे कुपोषित मुलं यायची, खाऊपिऊ घालून बरी करायची, घरी जायची, परत तशीच यायची. हॉस्पिटलच्या लोकांनी घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं की रोग शेतात आहे. नव्वदच्या दशकात खताची सबसिडी गेली, भाव आभाळाला भिडले, मक्याला खत नाही, जमीन खंगली, आणि जेवायला रोज मक्याच्या पिठाची न्सिमा. मग २००० साली हॉस्पिटलने आणि कॅनडाच्या संशोधकांनी काही गावांतल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन कडधान्यं लावायला सुरुवात केली. सोयाबीन, भुईमूग, आणि आपली तूर! तिकडे तिला नांदोलो म्हणतात. भुईमुगात तूर, पुढच्या वर्षी तिथेच मका, पाला जाळायचा नाही, मातीत गाडायचा. आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

पण मला जास्त आवडला तो पुढचा भाग. पीक तर आलं, मुलांच्या ताटात मात्र येईना. का, तर कापणी झाली की नवरा पोतं बाजारात नेऊन विकायचा. आणि बाळाला काय भरवायचं, कधी भरवायचं हे आई ठरवतच नव्हती, सासूबाई ठरवत होत्या (कुठेही जा). म्हणून मग आज्यांना बसवून बोलणं सुरू झालं, आणि गावात स्वयंपाकाचे दिवस भरवले, ज्यात पुरुषसुद्धा चुलीपुढे बसून सोयाचे पदार्थ करायला शिकले. काय लावायचं, कुठलं बी टिकलं हे बघणारा गट शेतकऱ्यांचाच होता. बाहेरून आलेली माणसं मोजमाप करत होती, पैसे आणत होती, पण हुकूम सोडत नव्हती. काम काही गावांवरून हजारो शेतकऱ्यांपर्यंत गेलं. मी तर म्हणेन भागीदारी ती हीच, आणि एवढ्या कामात कोनशिला कुठे बसवायची हे कोणाला सुचणारही नाही. जाता जाता, २०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घ्यायचा करार केला, तेव्हा तुमच्या वरणात तिकडची डाळ आली असेल तर नवल नाही.

चर्चचं सगळंच गोड आहे असं नाही बरं का. याच प्रेस्बिटेरियन चर्चच्या दोन सिनड, म्हणजे प्रांतिक शाखा, उत्तरेची लिव्हिंग्स्टोनिया आणि मधली न्कोमा, हद्दीवरून वर्षानुवर्षं भांडल्या, एकमेकींच्या भागात चर्च उघडत बसल्या. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि हुकूमशहा बांडा स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडचे एल्डर (मंडळीतले पंच) होते आणि त्यांच्या राज्यात चर्चवाले बराच काळ तोंड मिटून होते. शेवटी ८ मार्च १९९२ ला कॅथलिक बिशपांचं एक पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं, गरिबी, शाळा, दवाखाने, तोंडदाबी सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं. बिशपांना पोलिसांनी चौकशीला नेलं. मग प्रेस्बिटेरियन लोकही बाहेरच्या चर्चच्या पाठिंब्याने बोलले, एकच पक्ष की अनेक यावर १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९४ ला अनेक पक्षांची निवडणूक. म्हणजे बाहेरचे भागीदार चेकबुक न काढताही उपयोगी पडू शकतात.

आणि आपल्या नाशिककरांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. शरणपूरला गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांची मिशनची वस्ती होती. त्यातला जेकब वेनराइट हा मूळचा मलावी सरोवराकडचा, याओ जमातीचा. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता, त्यांच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. त्याच्याच पुढच्या वर्षी स्कॉटिश लोकांनी मलावीत लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं. रोज शरणपूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

तर माझी विनंती एवढीच, पुढच्या वेळी आपल्या वार्ताहराने अशी बातमी आणली की त्याला चार प्रश्न विचारायला सांगा. तिथल्या नर्सचा पगार कोण देतं? डिझेल कोणाच्या खात्यातून? निर्णय घेणाऱ्या कमिटीत तिथल्या बायका किती? आणि तीन वर्षांपूर्वी मारलेली बोअर आज पाणी देते का? फोटो नंतर छापा.

आपला,
एक वाचक, नाशिक