बुंध्याशी वाकून बघा, आणि मेपर्यंत थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीच्या आवारातली धोकादायक झाडे ओळखण्याची जी चौकट आपण काल छापलीत, ती आज सकाळपासून निम्म्या कोथरूडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरते आहे. वाकलेले, पोकळ, निष्पर्ण अशा तीन खुणा आणि खाली सल्ला : पावसाळ्याच्या आत काढून टाका. आपल्या हेतूबद्दल शंका नाही. पण या तीन खुणांवर करवत चालवायची ठरवली, तर धडधाकट झाडे जातील आणि पडणारी जागेवर राहतील.

वाकलेपणाचेच घ्या. उजेडाकडे वाढत गेलेले झाड वर जाऊन पुन्हा सरळ होते, त्याचा शेंडा आकाशाकडे वळलेला असतो. ते वर्षानुवर्षे तसेच उभे असते आणि तोल सांभाळायला लागेल तसे लाकूड धरते. भीती वाटायला हवी ती खोड अख्खेच्या अख्खे एका बाजूला गेले आणि विरुद्ध बाजूची जमीन फुगली किंवा तिला भेग पडली तर. तिथे अर्ज लिहीत बसू नये. आधी खालच्या गाड्या हलवाव्यात, रस्ता बंद करावा आणि अग्निशमन दलाला फोन करावा.

पोकळीचेही तेच. दीड मीटर घेराच्या खोडाची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर भरते. ढोलीभोवती सगळीकडून सात-आठ सेंटिमीटर निरोगी लाकूड असेल, तर खोडाची तीन-चतुर्थांश ताकद शाबूत असते. ढोलीचे तोंड मोठे उघडे असेल किंवा उभी चीर गेली असेल, तर हा हिशेब चालत नाही, हेही खरे. लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकून पाहिले की भिंत कुठे पातळ आहे त्याचा अंदाज येतो. आणि निष्पर्ण म्हणाल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातला गुलमोहर निष्पर्णच असतो! डहाळीची साल नखाने खरवडा. आत हिरवे दिसले की झाड जिवंत आहे.

आता जे छापायला हवे होते आणि छापले नाही, ते. गुलमोहराच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, तपकिरी, वर लाखेसारखी चकचकीत आणि कडेला पांढरट अशी कडक बुरशी येते. ही गॅनोडर्मा. ती आतून मुळे आणि बुंधा कुजवते. बाहेरच्या थरातून पाणी वर जात राहते, म्हणून झाड हिरवेगार दिसते, भरभरून फुलतेही. वळवाच्या पावसात माती भिजून ढिली होते, त्याच सुमारास गुलमोहर नव्या पालवीने आणि फुलांनी जड झालेला असतो, आणि सोसाट्याचा वारा येतो. झाड मुळासकट आडवे होते. मुळे म्हणावीत तर हातभर खुंट तेवढे उरलेले असतात. मग ‘कालपर्यंत चांगले होते हो’ असे म्हणायला सगळे मोकळे.

मुख्य गोम वेळेची आहे. ही बुरशी ठळक दिसते ती पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत. पुढे दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ती खराट्याने नाहीतर लाथेने उडवून देतो. मे महिन्यात पाहणीला माणूस येतो तेव्हा बुंधा स्वच्छ, वर गेरू-चुन्याचा पट्टा. तो मान वर करून फांद्या बघतो आणि जातो. पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, बुरशीचा फोटो काढून ठेवा. खासगी आवारातले झाड असले तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. हरकतींसाठी झाडावर नोटीस लागते, त्यात दिवस जातात. पन्नास वर्षांवरच्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा आहे, तिथे आणखी वेळ धरा. नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तर काम उन्हाळ्याआधी मार्गी लागण्याची आशा. मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये कार्यालयाला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

बुंध्याशी वाकलातच, तर आणखी दोन गोष्टी बघा. खोड जमिनीला मिळते तिथे पसरलेले हवे. विजेच्या खांबासारखे सरळ आत गेले असेल, तर भराव टाकून मुळांचा गळा बुजवला आहे. माती हाताने बाजूला करा. दुसरे म्हणजे चर. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत कंपाउंडच्या पायासाठी किंवा केबलसाठी खणून जाड मुळे तोडली असतील, तर त्या बाजूचा आधार गेला. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हातभर मुरमाखाली काळा दगड, त्यामुळे मुळे खोल जात नाहीत, आडवीच पसरतात. तेवढ्यावरच झाड उभे असते.

आणि चौकटीतले ‘धोका कमी करायला शेंडा उडवा’ हे वाक्य कुणी लिहिले? बोडक्या केलेल्या फांदीला वर्षभरात झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवरच्या सालीला धरून असतात, खाली कापलेले टोक कुजत जाते आणि तीन-चार वर्षांनी तेच फुटवे जड होऊन गाडीवर पडतात. जड फांदी काढायची तर खोडापासून फूटभर लांब आधी खालून एक तृतीयांश काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापावे, आणि उरलेला खुंट खोडालगतचा फुगीर कंगोरा राखून काढावा. डांबर, रंग काही फासू नये. ठेकेदाराला हे माहीत नसेल, तर दुसरा बघावा. ओंडके फुकट नेतो म्हणणाऱ्याचा तर सल्लाच घेऊ नये, त्याला सगळीच झाडे धोकादायक दिसतात.

झाडाखाली पार्किंग, झोका किंवा वॉचमनची खोली नसेल, तर मेलेले खोडही अर्धे छाटून उभे ठेवता येते, तांबट आणि पोपट त्यात राहतात. पण पुनर्विकासाचा नकाशा मंजूर होण्याच्या सुमारास आवारातली झाडे एकाएकी धोकादायक कशी होतात, यावर आपल्या बातमीदाराने एखादी चौकट करावी.

ता. क. : ‘धोकादायक गुलमोहर’ म्हणून छापलेल्या छायाचित्रातली फुले पिवळी आहेत. तो सोनमोहर आहे. त्याच्या खोडावर क्लासच्या जाहिरातीचे तीन पत्रे खिळ्यांनी ठोकलेले स्पष्ट दिसतात, त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. शुद्धिपत्र छापाल ना?

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे