इंजिन नवं, गाडी जुनी, आणि 'सेमच आहे सर'

प्रिय मंग्या,

तुझी ती लांबलचक व्हॉईस नोट ऐकली. चंदनापुरी घाटात इंजिनाचं बेअरिंग जाऊन गाडी बंद, वहिनी आणि पोरं उन्हात उभी, टोईंगवाल्याने तोंडाला येईल ते पैसे मागितले, सगळं ऐकून डोकं फिरलं रे. पण एक सांगू का, कंपनी वॉरंटीत इंजिन बदलून द्यायला हो म्हणाली हीच मोठी गोष्ट आहे, नाहीतर ऑईल कधी बदललं, सर्व्हिस वेळेवर केली का, बिलं दाखवा, यातच लोक महिनोन्‌महिने लटकतात. तू सगळी बिलं फाईलला लावून ठेवलीस म्हणून वाचलास.

आता मुद्द्याचं. गाडी तुझी २०२१ ची, डिझेल, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो तसलं इंजिन आता येत नाही, चालू मॉडेलचं येईल, "सेमच आहे सर." आता हे सेम म्हणजे नक्की कुठपर्यंत सेम, ते त्याला विचार. बीएस ६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा सरकारी नियम, लागू झाला १ एप्रिल २०२० ला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, त्यात गाडी नुसती लॅबमध्ये नाही तर प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते तेही बघायला लागले. मग कंपन्यांनी कुठे सेन्सर वाढवले, कुठे डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलले, कुठे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग), कुठे नुसतं सॉफ्टवेअर. खालचं लोखंड, म्हणजे ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, हे बऱ्याचदा तेच राहतं. फरक असतो तो वरून टांगलेल्या गोष्टींत. तुझ्या गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग पहिल्या टप्प्याचं, त्यामुळे नव्या इंजिनावर जास्तीचा सेन्सर असला तर त्याची पिन लावायला तुझ्याकडे जागाच नाही, आणि पिस्टन किंवा इंजेक्टर वेगळे असले तर तुझा ईसीएम जुन्याच हिशोबाने डिझेल मारत बसणार. गाडी चालू होईल रे, चालू होणं काही अवघड नाही, पण पिकअप, धूर, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी) भरणं ही कटकट मागाहून सुरू होते, आणि तोपर्यंत वॉरंटी संपलेली असते.

म्हणून पहिलं काम हे कर. त्यांना सांग, माझा चासी नंबर टाकून पार्ट कॅटलॉगमधून इंजिनाचा पार्ट नंबर काढा. जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा आला असेल तर कॅटलॉगमध्ये तसं दिसतं, त्याला ते सुपरसीड म्हणतात. तुझ्या चासी नंबरवर नवा नंबर सुपरसीड म्हणून दिसला म्हणजे कंपनीनेच म्हटलंय की हा तुझ्या गाडीला चालतो, सोबत एखादं किट किंवा सॉफ्टवेअर अपडेट लागत असेल तर तेही कळतं. दिसला नाही तर "आम्ही बसवून देतो" या शब्दाला काही अर्थ नाही. त्या पानाचा प्रिंट माग, नसेल देत तर मोबाईलवर फोटो काढ.

दुसरं, हाफ इंजिन येतंय की फुल हे विचारलंस का? तू नुसतं "इंजिन" म्हणालास. हाफमध्ये ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच नवं, हेड (ब्लॉकच्या वरचा भाग), टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), पंप, इंजेक्टर सगळं तुझं जुनं काढून त्यावर चढवतात. वॉरंटीत बहुतेक वेळा हाफच मंजूर होतं कारण स्वस्त पडतं. हाफ वाईट असतं असं नाही, उलट तुझ्या केसमध्ये बरं, कारण जुनेच सेन्सर, जुनेच इंजेक्टर, मग पिस्टन वेगळे नसले तर ईसीएमशी भांडण नाही. पण तुझं बेअरिंग गेलंय. बेअरिंग गेलं की त्याचा चुरा ऑईलबरोबर सगळीकडे फिरतो, ऑईल कूलरमध्ये बसतो, टर्बोच्या बेअरिंगला तेच ऑईल जातं तिथे पोचतो, हेडमधल्या बारीक वाटांत अडकतो. नवी सून कितीही गुणाची आणली तरी घरातली जुनी मंडळी कशी आहेत त्यावर सगळं असतं, तसं आहे हे! चुरा किती भारी पडतो बघ, अमेरिकेत टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा आणि एका लेक्ससच्या मिळून लाखभर गाड्या परत बोलावल्या, कारण काय तर कारखान्यात मशिनिंग करताना राहिलेला धातूचा कीस इंजिनात होता, आणि शेवटी इंजिनंच बदलून द्यायचं ठरवावं लागलं. तेही टोयोटाला.

तेव्हा ऑईल कूलर नवाच पाहिजे म्हण. तो धुऊन नीट साफ होत नाही, त्याच्या जाळ्या फार बारीक असतात. टर्बो खोलून शाफ्टचा प्ले, म्हणजे दांडा किती हलतो ते, तपासा आणि काय निघालं ते जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहा म्हण. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि त्याचे पाईप काढून साफ करायला लाव, टर्बोचं सील गेलं असेल तर त्यात ऑईल साचतं आणि डिझेल इंजिन ते ऑईलच ओढून स्वतःच्या मनाने पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. मी हे आमच्या लाईनला इंजिन चालवून तपासतात त्या टेस्ट बेडवर बघितलंय, सगळे लांब पळतात.

इंजेक्टर नवे असोत की जुने, प्रत्येकावर एक कोड छापलेला असतो, कुठल्या सिलिंडरला कुठला इंजेक्टर बसला त्याप्रमाणे तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो. घाईत अदलाबदल झाली तर आयडलिंगला गाडी थरथरते आणि मग हेच लोक म्हणणार फाउंडेशन (इंजिनाखालचे रबर) गेलंय, बदला! चावीचं टेन्शन घेऊ नकोस, चुकीच्या चावीला गाडी चालू न होऊ देणारा इमोबिलायझर ईसीएमशी जोडलेला असतो, ब्लॉकशी नाही. ईसीएमच बदलला तर मात्र दोन्ही चाव्या घेऊन जा.

आणि गिअरबॉक्स उतरणारच आहे तर क्लच बघून घे. क्लच झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटीत देणार नाहीत, पण मजुरी वाचते, नुसते पार्टचे पैसे भर. तुझी गाडी किती चालली ते बघता मी तर बदलूनच टाकीन.

कागदांचं वहिनींना सांग, तू विसरशील. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून तो नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी जुना नंबर, नवा नंबर आणि बदलण्याचं कारण लिहिलेलं डीलरचं पत्र, आणि नव्या इंजिनाचं बिल माग, वॉरंटीत शून्य रुपयांचं असलं तरी. कुणी म्हणालं नव्या इंजिनावर जुनाच नंबर पंच करून देतो, तर आरटीओत विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. मग इन्शुरन्स कंपनीला मेल टाक, आणि गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून आहे ना, तर बँकेलाही. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने नंबर जुळवला तर तिथे "सेमच आहे सर" चालत नाही.

नव्या इंजिनाची वॉरंटी किती हे पण लेखी घे. बऱ्याच ठिकाणी गाडीची जेवढी उरली असेल तेवढीच देतात, आणि तुझी एक्सटेंडेड वॉरंटी संपतच आलीय. इथे जरा भांड. इतर बाबतीत गोड बोल, इथे भांड.

पेट्रोल गाडी असती तर अजून ई२० चं लफडं असतं, इंजिन २० टक्के इथेनॉलला चालणारं आणि टाकीपासूनचे पाईप जुने, त्यातून तू सुटलास.

आता असं कर, सोमवारी जाशील तेव्हा त्या पार्ट नंबरचा आणि जॉब कार्डचा फोटो टाक, गाडी खोलायला सही करायच्या आधी टाक हां, नंतर नको. माझी या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, दुपारी दोनच्या आत फोन केलास तर उचलीन, ॲडव्हायझरलाच फोन दे, मी बोलतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझाच,
सुन्या