आधी त्यांना विचारा

मा. संपादक,

डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, पेपरात काहीही आलं की फोटो सत्तरी-ऐंशीच्या आजीआजोबांचाच असतो. पासष्टीच्या आतही हा आजार होतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. डॉ. अल्झायमर यांनी ज्यांच्या केसवरून यातला अल्झायमर हा प्रकार पहिल्यांदा मांडला त्या आउगुस्टे डेटर १९०१ साली हॉस्पिटलात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्याच होत्या!

माझा दादाही पन्नाशीतलाच, गणिताचा शिक्षक. निदान व्हायलाच खूप वेळ गेला, कोणी स्ट्रेस म्हणालं कोणी डिप्रेशन, मग नोकरी सुटली, गाडी बंद झाली, बँकेचं सगळं वहिनीकडे गेलं, आणि हे अशा वयात की जेव्हा माणसाची ओळखच त्याच्या कामावरून असते. पण त्याहून जास्त लागतं ते लोकांचं वागणं. दादा समोर बसलेला असताना डॉक्टर वहिनीला विचारतात, यांना झोप लागते का? तो म्हणाला, "झोप माझी आहे, मला विचारा ना." मग अडखळत, शब्द शोधत का होईना, त्यानेच सगळं सांगितलं.

त्याला आज वार कुठला हे सांगता येत नाही, पण माझ्या मुलाने गणितात एक पायरी गाळली की पेन हातातून काढून घेतो. अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी आधी जातात, मुरलेल्या सवयी, मान-अपमान कळणं बराच काळ राहतं. फ्रंटोटेम्पोरल या डिमेन्शियाच्या दुसऱ्या प्रकारात मात्र बऱ्याचदा स्वभावच आधी बदलतो, त्या घरांचं दुःख वेगळंच, तिथे हे बोलणं सोपं नाही हे मान्य. तरी काय हवं, काय नको हे त्या माणसालाही असतंच ना.

ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ मध्ये ४६व्या वर्षी निदान झालं, त्यानंतर त्यांनी पुस्तकं लिहिली, देशोदेशी भाषणं केली. सगळ्यांना असं जमेल असं नाही, आजार प्रत्येकाचा वेगळा, पण निदानाच्या दिवशीच माणूस संपला असं धरून का चालायचं?

पुढे तब्येत ढासळल्यावर कोणती ट्रीटमेंट हवी, कुठे राहायचं, हे सांगता येतंय तोवर त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवायला हवं. आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा न्यूरोलॉजिस्ट आणि नातेवाईकांबरोबर ज्याला आजार आहे त्याचीही मुलाखत घ्या. एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तर यायला वेळ लागेल, मधे वाक्य पूर्ण करून देऊ नका.

- एक बहीण