टेम्प्लेट वापरूनही प्रोजेक्टर बुक होत नाही : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : बुकिंग सॉफ्टवेअरमधील ‘टेम्प्लेट’ सुविधा सांगितल्याप्रमाणे चालत नसल्याबाबत व वर्गणीची उरलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आमचे नागपुरात एक सार्वजनिक वाचनालय आहे. समोर सभागृह, मागे अभ्यासिका आणि त्याला लागून संगीताची छोटी खोली. या तिन्ही जागा वस्तीतले लोक वापरतात. बचत गटांच्या बैठका होतात, ज्येष्ठ नागरिक मंडळाची व्याख्याने होतात, एमपीएससीच्या मुलांचे वर्ग भरतात, उन्हाळ्यात बालनाट्य शिबिर असते आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी सजवायला मुलांची झुंबड उडते. जागेवरून आमच्याकडे सहसा वाद होत नाही. वाद होतो तो सामानावरून, कारण प्रोजेक्टर एक, मोठा कूलर एक, हार्मोनियम एक आणि कॉर्डलेस माइक दोनच. जुन्या रजिस्टरमध्ये ‘प्रोजेक्टर कोणाकडे’ असा वेगळा रकाना होता. तो रकाना संगणकावर यावा, एवढ्यासाठीच आम्ही आपले सॉफ्टवेअर घेतले.

विक्रीच्या वेळी आपल्या प्रतिनिधीचा सगळा भर टेम्प्लेटवर, म्हणजे आधीच तपशील भरून ठेवलेल्या नमुना फॉर्मवर होता. ‘व्याख्यान’, ‘वर्ग’, ‘शिबिर’ अशी टेम्प्लेट एकदा करून ठेवायची. मग कोणीही त्यातले एक निवडून तारीख टाकली की खोली, सामान, तयारीचा वेळ आणि मंजुरी, सगळे एकदम होईल, असे आम्हाला सांगण्यात आले. कार्यकारिणीने खर्चाला होकार दिला तो यावरच.

प्रत्यक्षात आपले टेम्प्लेट फक्त फॉर्म भरून देते. खोली रिकामी आहे का, हे सॉफ्टवेअर तपासते. सामान मात्र ‘टीप’ या रकान्यात नुसते मजकूर म्हणून जाऊन बसते. ते त्या वेळी मोकळे आहे की नाही, हे कोणीच पाहत नाही. तरीही पुष्टीच्या संदेशात ‘सभागृह, प्रोजेक्टर, माइक : बुकिंग निश्चित’ असे ठळक अक्षरांत लिहून येते. रकाना कोरा आला असता तर लोकांनी निदान येऊन विचारले तरी असते.

याचा परिणाम काय झाला ते सांगतो. एका शनिवारी संध्याकाळी सभागृहात नेत्रतज्ज्ञांचे मोतीबिंदूवर व्याख्यान होते आणि त्याच वेळी अभ्यासिकेत भूगोलाचा वर्ग. दोन्ही बुकिंग टेम्प्लेटमधूनच झालेली. खोल्या वेगळ्या, त्यामुळे आपल्या सॉफ्टवेअरला त्यात काही वावगे दिसले नाही. शिपाईकाका प्रोजेक्टर घेऊन व्हरांड्यात आले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या आयोजकांनी आपापला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. दोघांकडे आपला संदेश, दोघांकडे ‘निश्चित’. काकांनी काय न्याय करायचा? शेवटी डॉक्टर स्वतःच म्हणाले, मुलांना नकाशे लागतील, त्यांना देऊन टाका. पेनड्राइव्ह खिशात ठेवून त्यांनी फळ्यावर मार्करने डोळ्याचे भिंग काढले आणि तेवढ्यावर व्याख्यान पार पाडले. मागच्या रांगेतल्या आजींना काहीही दिसले नाही. व्याख्यान मोतीबिंदूवर होते, हे पुन्हा लिहायला नको.

तयारीच्या वेळेचेही तेच. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. कूलर ढकलत आणायचा, टाकी भरायची, खस भिजू द्यायची, यात पाऊण तास सहज जातो. म्हणून टेम्प्लेटमध्ये आम्ही तयारीसाठी ४५ मिनिटे टाकली. ती वेळ फॉर्मवर छापून येते, कॅलेंडरमध्ये मात्र अडवली जात नाही. पाचला शिबिर सुटते आणि पाचलाच पुढची बैठक सुरू होते. हा रकाना नुसता शोभेचा असेल तर तो ठेवला कशाला?

टेम्प्लेट बदलले तरी आधी झालेली बुकिंग जुन्याच तपशिलांवर राहतात. हे एकवेळ आम्ही समजू शकतो. मंजूर बुकिंग परस्पर बदलू नये, हे बरोबरच आहे. पण पुढची बुकिंग बदलायची का, एवढे विचारायला हरकत नव्हती. दर आठवड्याच्या भजनाची वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये घेतली की अर्धा तास चुकते, ते मात्र समजण्यापलीकडचे आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे, पाच तास नव्हे.

आपल्या मदतकक्षाने यावर सुचवलेला उपाय असा : प्रोजेक्टर, कूलर आणि हार्मोनियम यांची ‘खोली’ म्हणून नोंद करा आणि त्या वेगळ्या बुक करा. म्हणजे एका कार्यक्रमासाठी तीन-चार फॉर्म भरायचे. मग टेम्प्लेटचा उपयोग काय? शिवाय आपली वर्गणी खोलीमागे आहे, म्हणजे कूलर नावाच्या खोलीचे भाडेही आम्हीच भरायचे!

असे काही करताच येत नाही, हेही खरे नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल-कॅलेंडर व्यवस्थेत खोली आणि उपकरण यांना स्वतंत्र मेलबॉक्स देता येतो. बैठकीच्या निमंत्रणात दोन्ही जोडता येतात आणि तशी व्यवस्था लावलेली असली की आधीच बुक असलेले उपकरण आपोआप नकार कळवते. आमचे मागणे याहून जास्त नाही. टेम्प्लेटमधली प्रत्येक वस्तू तपासली जावी, एखादी मोकळी नसेल तर मंजुरीआधीच नाव घेऊन सांगावे आणि तयारीचा वेळ खरोखर अडवला जावा. टेम्प्लेट बदलण्याचा अधिकारही फक्त कार्यालयाकडे असावा. सध्या ज्याच्याकडे लॉगिन आहे तो कोणीही ते बदलू शकतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ही दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते लेखी कळवावे. ती होणार नसेल तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी आणि आजवरच्या सर्व नोंदी एक्सेलमध्ये द्याव्यात. उपकरणे ‘खोली’ म्हणून नोंदवण्याचा सल्ला कृपया पुन्हा देऊ नये.

आमची संस्था नफ्यासाठी चालत नाही, त्यामुळे व्यापारी ग्राहक म्हणून आम्हाला बाजूला सारता येणार नाही. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. त्यानंतर गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे आहे तिथे तक्रार करता येते, म्हणजे त्यासाठी आम्हाला आपल्या शहरात येण्याची गरज नाही.

दोन्ही आयोजकांना आलेल्या संदेशांचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती आणि मदतकक्षाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

आपला,
चिटणीस
नागपूर