मारिओच्या अंगणात मारामारी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही मिळाला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमची १-१, म्हणजे अगदी पहिली लेव्हल, जशीच्या तशी उचलायची आणि तिच्यावर 'स्मॅश ब्रदर्स' या फायटिंग गेमची मारामारी रंगवायची, असा तुझा बेत. चौकटीच्या कागदावर वीट न् वीट मोजून काढलीयस. पहिल्या प्रश्नचिन्हापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत काही म्हणजे काही सुटलेलं नाही. आता माझ्याकडून 'वा, झकास' ऐकायला तू टपून बसला असशील. नकाशा झकास आहेच, वाद नाही. पण स्टेज म्हणून, म्हणजे मारामारीचं मैदान म्हणून, तो चालणार नाही. का, ते जरा ऐसपैस लिहितो.

१-१ आपल्याला इतकी पाठ झालीय की ती नक्की काय करते याकडे आपलं लक्षच जात नाही. १९८५ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती बांधली, ती कंट्रोलर पहिल्यांदाच हातात धरणाऱ्यासाठी. सुरुवातीचाच तुकडा बघ. मारिओ डावीकडे उभा आणि उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. समोरून गूम्बा हा छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाहीस तर मेलास, पण मेलास तरी गेलं काय, चार पावलं. मग ब्लॉकला डोकं आपटलं की मशरूम बाहेर येतं. ते उजवीकडे घसरत जातं, खाली पडतं, पाइपाला धडकतं आणि उलटं फिरून थेट अंगावर येतं. नवख्याला वाटतं हाही गूम्बाच. तो घाबरून उडी मारायला जातो, तर डोक्यावरच्या विटा त्याला परत खाली आपटतात आणि मशरूम त्याला लागतंच. मारिओ मोठा होतो. एक अक्षरही न लिहिता धडा शिकवून झाला! तो पाइप तिथे आहे तो मशरूमला परत पाठवायला. शोभेला नाही.

थोडक्यात, तिथली प्रत्येक वीट एकट्या माणसाला काहीतरी विचारत असते. उत्तर दिलंस की पुढे, आणि मागे फिरायची सोयच नाही, कारण स्क्रीन डावीकडे सरकत नाही. आता त्याच जागेत चौघांना सोड. झेंड्यापर्यंत जाण्यात कोणालाच रस नाही, प्रत्येकाला दुसऱ्याला स्क्रीनबाहेर भिरकावायचंय. आता कोडं घालतो तो समोरचा खेळाडू. मशरूम परतवणारा तुझा लाडका पाइप मग नुसता मध्ये येतो, आणि त्याच्याआड दबा धरून बसणाऱ्याला हुसकायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

तरी तुझा मोह मला कळतो, कारण स्मॅश मुळात अर्धा प्लॅटफॉर्म गेमच आहे. त्याचे जनक मासाहिरो साकुराई यांनी त्याचा पहिला नमुना केला तेव्हा त्यात मारिओ-बिरिओ कोणीच नव्हतं. 'ड्रॅगन किंग' असं नाव होतं आणि प्रोग्रॅमिंगचा भार सातोरू इवातांनी उचलला होता. पुढे १९९९ मध्ये तो निन्टेन्डो ६४ वर आला. इतर फायटिंग गेममध्ये जीवाची पट्टी संपत जाते, इथे मार खाल्ला की टक्के चढत जातात, आणि टक्के जितके जास्त तितका माणूस लांब उडतो. उडून काठावर परत कसं यायचं, हाच निम्मा खेळ. उडी, काठ, तरंगती फळी हा सगळा ऐवज प्लॅटफॉर्म गेमचाच. मग १-१ इथे का नको, असं तू म्हणणार.

त्या १९९९ च्या गेममधलीच मशरूम किंगडम स्टेज घे ना, ती कुलूपबंद असायची, उघडून घ्यावी लागायची ती. पहिल्या नजरेला तुलाही वाटलं असेल की ही १-१. तेच निळं आकाश, ठिपक्याठिपक्यांच्या टेकड्या, विटा, हिरवे पाइप, संगीतकार कोजी कोंदोंची तीच धून. आता तुझा नकाशा शेजारी धर आणि एकेक गोष्ट तपास. तिथल्या पाइपांतून पिरान्हा प्लांट, ती चावरी झाडं, डोकं वर काढतात. १-१ मध्ये एकाही पाइपात पिरान्हा प्लांट नाही, ते भेटतात पुढच्या लेव्हलला. दोरीला टांगलेल्या, एक खाली गेली की दुसरी वर जाणाऱ्या त्या दोन फळ्या? त्याही १-१ मधल्या नाहीत, त्या बऱ्याच पुढे, तिसऱ्या-चौथ्या वर्ल्डमध्ये येतात. आणि तिथला पॉव ब्लॉक, ठोसा दिला की जमीन हादरवणारा, तो तर 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये कुठेच नाही! तो आहे १९८३ च्या साध्या 'मारिओ ब्रदर्स'मधला.

म्हणजे ही १-१ नव्हेच. मारिओ म्हटलं की जे जे डोळ्यांपुढे येतं ते एका चौकटीत कोंबलंय. आणि कोंबलंय ते अंदाधुंद नाही. पॉव ब्लॉकचंच बघ. १९८३ चा 'मारिओ ब्रदर्स' एकाच स्क्रीनवर चालायचा, मारिओ आणि लुइजी एकाच वेळी खेळायचे, एकमेकांना धक्के देत, एकमेकांचा घात करत. दोन वर्षांनी आलेल्या 'सुपर'मध्ये दोघं खेळले तरी पाळीपाळीनेच, एक मेला की दुसरा. मला विचारशील तर स्मॅशचं खरं कूळ 'सुपर'मध्ये नाही, त्या जुन्या एका स्क्रीनच्या भांडणात आहे. त्यामुळे ब्लॉकला ठोसा बसला की जमिनीवर उभा असलेला गडी हवेत फेकला जावा, हे मला उधार आणलेलं वाटतच नाही. पॉव स्वतःच्या घरी आलाय.

आणि त्या तराजूच्या फळ्या! मूळ गेममध्ये एका फळीवर तू उभा राहायचास, ती खाली जायची, समोरची रिकामी फळी वर चढायची. जास्त वेळ रेंगाळलास की दोरी सुटून दोन्ही फळ्या खाली. झटकन उडी मारून निघायचं, एवढंच तिचं काम. दोन पारड्यांचं यंत्र आणि वजन करायला माणूस एकच. स्मॅशमध्ये पहिल्यांदा दुसऱ्या पारड्यात कोणीतरी उभं राहिलं. तू तुझ्या फळीवर उतरलास की मी वर जातो, मी वर गेलो की मला वरून मारता येतं, पण मी तुझ्या फळीवर झेपावलो तर दोघांच्या वजनाने ती अशी झपाट्याने उतरते की आधी कोण उडी मारतो यावरच जीव टांगलेला. वस्तू तीच, वागणूकही तीच, काडीचाही बदल नाही. तरी खेळ नवा. जुन्या लेव्हलची स्टेज करायची म्हणजे हे करायचं, असं माझं ठाम मत आहे.

याउलट तू जे करायला निघालायस ते एकदा होऊन गेलंय. स्मॅशचा २००८ चा भाग 'ब्रॉल', त्यातली मशरूमी किंगडम स्टेज आठव. तिथे खरोखर १-१ ची रचना आहे, तेच पाइप, त्याच विटा, तेच खड्डे. फक्त रंग उडालेलं, ओसाड, जणू मारिओ हे गाव सोडून जाऊन जमाना लोटला. कल्पना म्हणून मला फार आवडते ती. पण लेव्हल लांबलचक आणि मॅचला तर सगळ्यांना एका स्क्रीनमध्ये ठेवायचं, म्हणून स्क्रीन आपलीआपण उजवीकडे सरकत राहते. झालं काय, मूळ गेममध्ये तू चालायचास आणि स्क्रीन मागून यायची, इथे स्क्रीन चालते आणि तू फरफटत जातोस. पाइपामागे अडकलास की डावा काठ येऊन गिळतो. कोणाशी लढावं तर पायाखालची वाट निघून चाललेली. नक्कल तंतोतंत आहे, पण पहिल्यांदा बघताना जी मजा येते ती दोन मॅचमध्ये विरून जाते. तुझ्या नकाशात हेच होणार.

त्याहून बोलका दाखला त्याच गेममधल्या ७५m या स्टेजचा. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधला लिफ्टचा टप्पा जसाच्या तसा घेतलाय, शिड्या, वरखाली जाणाऱ्या लिफ्ट, टणाटण उसळत येणाऱ्या स्प्रिंगा, वर बसलेला डाँकी काँग. मूळ गेममध्ये या टप्प्याची जाम भीती वाटते, आणि त्याचं कारण एका क्षुद्र नियमात आहे. मारिओ आपल्या उंचीपेक्षा जरा जास्त खाली पडला की मेला. म्हणून लिफ्टवरून पाऊल टाकायलासुद्धा हिंमत लागायची. स्मॅशमधला गडी मात्र कितीही उंचावरून पडो, त्याला खरचटतही नाही, शिवाय हवेत दुसरी उडी आहेच. नियम गेला, भीती गेली, आणि शिडी चढण्याचं कारणही गेलं. उरला एक अवाढव्य सांगाडा, ज्यात एकजण वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि बाकीचे त्याला शोधत फिरतात. स्पर्धांमध्ये ही स्टेज कोणी घेत नाही, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

'ब्रॉल'मधल्याच ग्रीन हिल झोन या सॉनिकच्या स्टेजवरून आपलं पूर्वी वाजलंय, म्हणून थोडक्यात. १९९१ च्या मूळ 'सॉनिक' गेममध्ये तिथला उतार वेगासाठी होता. 'ब्रॉल'मध्ये वेगाला जागा नाही, तरी त्यांनी उताराला नवीन काम शोधलं. मैदान मध्ये खोलगट, म्हणून भांडण आपोआप मध्ये जमतं, आणि मधलीच जमीन मार खाऊन ढासळते. चेकपॉइंटचा खांबही तडाखा बसला की गरगर फिरून जवळच्याला झोडतो. हे मला पटतं. दोन्ही बाजूंना काठच नाही, जमीन सरळ स्क्रीनबाहेर जाते, आणि कडेला दडून बसणाऱ्यांचं फावतं, हे पटत नाही. आणि हो, मागे सॉनिकच्याच गेममधले टेल्स, नकल्स आणि सिल्व्हर मजेत धावताना दिसतात, आणि आपण पुढे एकमेकांची हाडं मोडत बसतो. सॉनिक खेळत असेल तर त्याला काय वाटत असेल!

तू लिहितोस की स्मॅशच्या 'अल्टिमेट' या भागात स्टेजवरचे अडथळे बंद करायची सोय आहे, मग चिंता कशाला. अरे, अडथळे काढल्यावर मारिओच्या स्टेजमधलं मारिओपण किती शिल्लक राहतं? चित्र राहतं. स्पर्धेला ते पुरतं, कारण तिथे लोकांना सपाट जमीन आणि दोन-तीन फळ्या हव्या असतात. पण तू स्पर्धेसाठी बनवत नाहीयेस. तू बनवतोयस ती आपल्या चौघांसाठी, रात्रभर आरडाओरडा करायला.

तेव्हा माझं ऐक. १-१ मधून तीनच गोष्टी घे. पहिली, सुरुवातीची ती विटांची ओळ, पण तिची उंची अशी ठेव की खाली उभ्या असलेल्याला पूर्ण उडी घेता येणार नाही. मूळ खेळात हीच गोष्ट मशरूम गळ्यात मारायची, इथे ती पळ काढणाऱ्याला अडवेल. दुसरी, पहिला खड्डा, अगदी अरुंद, पण बरोबर मध्यावर. तिसरी, एकच पाइप, दोन नकोत. दोन झाले की मधल्या खोबणीत बसून राहणारा आपल्यात कोण आहे ते तुलाही माहीत आहे. पायऱ्या आणि झेंडा काढून टाक, तिथे कोणालाच पोचायचं नाहीये.

तराजू मात्र हवाच, १-१ मध्ये नसला तरी. 'अल्टिमेट'च्या स्टेज बिल्डरमध्ये, म्हणजे स्वतःची स्टेज बनवायच्या सोयीत, फळीला ठरलेल्या मार्गावर फिरवता येतं. दोन फळ्या खड्ड्याच्या दोन बाजूंना लाव, एक वर असताना दुसरी खाली येईल अशा. वजनाने हलणारा खरा तराजू तो नव्हे, ठरल्या चालीने हलणारा आहे, पण वरच्या फळीवर कोण हे भांडण तरी लागेल. वेग सुरुवातीला कमीच ठेव, खेळून बघून वाढव.

पिरान्हा प्लांट नाही म्हणून हळहळू नकोस. २०१९ च्या जानेवारीपासून 'अल्टिमेट'मध्ये तो स्वतःच फायटर झालाय, कुंडीसकट. पाइप तू ठेव, प्लांट मी घेऊन येतो. आणि बाकी दोघांना सांगून ठेव की पाइपावर माझा हक्क राहील.

नवा नकाशा झाला की पाठव. खड्ड्याची रुंदी किती ठेवलीस ते आकड्यात लिही, गेल्या वेळेसारखं 'साधारण एवढी' असं नको.

तुझाच,
अनिकेत