कोलवाळच्या पुलावर मी जे बोलले

शेफील्ड, फेब्रुवारी, रविवार दुपार

दादा,

फोनवर हे होत नाही म्हणून लिहितेय. फोन लावला की तू दोन मिनिटं बोलतोस आणि "थांब, आईला देतो" म्हणतोस, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा सुटल्यासारखंच होतं. वहिनीला वाचायला दे हवं तर. आईला नको, तिला अजून वाटतंय की मी सर्दीमुळे गप्प होते.

म्हापशाची पूल टेबलाची स्पर्धा हरून परत येताना कोलवाळच्या पुलावर मी तुला म्हटलं, "मला आणलंसच कशाला इथे?" तू काहीच बोलला नाहीस. पुढे धारगळला गाडी थांबवलीस, "चाय घेवया गो" म्हणालास, मी नको म्हटलं तर तू पण घेतला नाहीस. रात्रीचा दीड, जानेवारीची थंडी, आणि पुढे बसून सगळा वारा तू अंगावर घेत होतास, मी मागे तुझ्या जॅकेटच्या आडोशाला. पत्रादेवी गेली, बांदा गेलं, इन्सुलीचा घाट चढलो, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मोपाला सोडायला आलास तेव्हा पण मी ट्रॉली ढकलत सरळ आत गेले आणि वळून बघितलं नाही. विमानात बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं की मी काय केलंय.

आणि खेळायची स्टिक घरी ठेवून आले. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवली, तू लेथवर बसून महिनाभर खपून केलेल्या पेटीसकट, माजघराच्या दाराआड. तुला कळलंच असेल. तू त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस.

आता त्या रात्रीचं सांगते, तू समोर होतास तरी सांगते, कारण तुला जे दिसलं आणि माझ्या आत जे चाललं होतं ते वेगळं होतं.

तू म्हणाला होतास की आदल्या दिवशी जाऊन टेबल बघून येऊ, तासभर हात साफ करू. मी म्हटलं काही गरज नाही, मावशीकडे बसूया, बोडगेश्वराच्या जत्रेला जाऊया. गेलो, मजा आली, खाजं घेतलं, मावशीने रस ऑम्लेट करून घातलं, ते सगळं छानच होतं. पण त्या तासाभरात मला जे कळलं असतं ते मला मॅचमध्ये कळलं.

मी इथे दोन वर्षं पबमधल्या सात फुटी टेबलावर खेळतेय. त्या टेबलात नाणं टाकलं की बॉल सुटतात, आणि पांढरा, म्हणजे ज्याला स्टिकने मारतात तो, चुकून पॉकेटमध्ये गेला तर तो एकटाच परत बाहेर यायला हवा, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा बारीक असतो. बाकीचे ५१ मिलिमीटर, पांढरा ४८ च्या आसपास. हलका असल्यामुळे जरा खालून मारला की रबर लावल्यासारखा मागे येतो. माझा सगळा खेळ त्या मागे येण्यावर बसलेला. म्हापशाला नऊ फुटी टेबल, बॉल सगळे ५७ चे, पांढरा पण तेवढाच आणि तेवढाच जड. मी त्याच हाताने मारत राहिले आणि पांढरा निम्म्या वाटेत थांबत राहिला. पहिली मॅच निघाली कारण समोरचा मुलगा नवखा होता. दुसऱ्या मॅचमध्ये पण मी ४-१ पुढे होते ना, तेव्हा तू पायऱ्यांवरून बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केलास, मला वाटतं वहिनीलाच. जिंकायला आणखी एक फ्रेम, म्हणजे एकच डाव, हवा होता. डावाचा शेवटचा, काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता, लहान पोरानेही घातला असता, मी घातला, आणि त्याच्या मागोमाग पांढरा पण गेला.

काळ्याबरोबर पांढरा गेला की फ्रेम गेली, नियम आहे, त्यात काही नाही, ४-२ म्हणजे तरीही मीच पुढे. पण दादा तो आवाज. काळा पडल्याचा एक आणि लगेच दुसरा. भिंतीकडून कोणीतरी "अरेरे" म्हणालं, प्रेमानेच म्हणालं असणार, आणि मला एकदम सगळ्या खोलीची जाणीव झाली. चोवीस नावांत एक बाई, तू प्रत्येकाला सांगितलेलं "बहीण माझी, विलायतेत खेळते", मावशीचा मोबाइल वर धरलेला. त्यानंतर मी खेळत नव्हते, मी स्वतःला लोकांच्या डोळ्यांनी बघत होते. घामाने दांडी डाव्या हातात सरकेना. पुढच्या फ्रेममध्ये मिसक्यू, स्टिकचं टोक बॉलवरून घसरलं, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये मी त्याचाच पट्ट्याचा बॉल आधी मारला आणि त्याला पांढरा हातात दिला, हवा तिथे ठेवून मारायला, आणि शेवटच्या फ्रेममध्ये तर मला अजून आठवत नाही मी काय ठरवून वाकले होते. ५-४ हरले. हात मिळवताना त्या माणसाने "छान खेळलात" म्हटलं ते मला सहनच झालं नाही.

इथे आल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. जेट लॅग होताच, चार-सव्वाचारला अंधार पडतो, ड्यूटीवरून यायचं आणि अंथरुणावर पडलं की काळा, पांढरा, काळा, पांढरा. झोपेत बोटं आवळलेली असायची. आयुष्यात याहून मोठी दुःखं मी रोज वॉर्डात बघते, लोकांचे पाय जातात, नवरे जातात, आणि मी एका खेळावरून रडतेय याची लाज वाटायची आणि त्या लाजेने ते अजून आत जायचं. कोणाला सांगणार? इथल्या मैत्रिणीला एवढंच सांगितलं की घरची आठवण येते.

मग वॉर्डात एक गोष्ट झाली. एका पेशंटला औषध उशिरा दिलं गेलं, त्यांना काही त्रास झाला नाही, पण इथे असं झालं की सगळं लिहून काढायचं आणि बसून बोलायचं. सिस्टरने आम्हाला बसवलं. कोणी केलं हा प्रश्नच नाही, किती वाजता काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, कोणाच्या हातात त्यावेळी आणखी किती कामं होती, एवढंच. ज्या मुलीकडून झालं होतं ती सुरुवातीला थरथरत होती आणि अर्ध्या तासाने तीच म्हणाली की ट्रॉली दुसरीकडे ठेवायला हवी. मी हे कितीतरी वेळा केलंय, दुसऱ्यांसाठी. घरी आले आणि वहीत नऊच्या नऊ फ्रेम लिहायला घेतल्या.

पहिल्या दिवशी तीनच लिहून झाल्या, पोटात ढवळायला लागलं. पण तीन दिवसांत पूर्ण झालं. आणि लिहिल्यावर जे दिसलं ते मला अजिबात वाटलं नव्हतं. मला वाटत होतं मी घाबरले म्हणून हरले, मी मुळात लेचीपेची, मोठ्या जागी उभं राहायची माझी लायकी नाही, असलं काय काय. कागदावर दिसलं की जिंकलेल्या फ्रेममध्ये सुद्धा पांढरा सात वेळा आखूड थांबला होता, म्हणजे चूक ४-१ असतानाच चालू होती, फक्त बॉल पडत होते म्हणून दिसली नाही. काळ्याच्या शॉटला पण मी पांढरा जागेवर थांबवायला म्हणून खालून मारला होता, तेवढी फिरकी जड बॉलला पुरली नाही आणि तो पुढे गेला. म्हणजे ते भीतीने झालंच नव्हतं! भीती त्याच्यानंतर आली. आणि नंतरच्या तीन फ्रेममध्ये स्टिकचं टोक घसरू नये म्हणून लावतात तो चॉक एकदाही लावल्याचं मला आठवत नाही, चॉक लावताना मी जो एक श्वास घेते तो पण गेला, मिसक्यू होणारच. हे वाचलं आणि पहिल्यांदा शांत झोप लागली, दादा. कारण टेबल वेगळं आहे हे शिकता येतं, चॉक आठवता येतो. "मी लेचीपेची" याचं काय करणार होते?

अजून एक. वॉर्डात एक आजोबा आहेत, कंबरेचं हाड मोडलंय, इथलेच शेफील्डचे. हे गाव म्हणजे स्नूकरची पंढरीच, इथल्या क्रूसिबल थिएटरात १९७७ पासून दरवर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप होते. आजोबा त्यातले वेडे. मी त्यांना म्हटलं, स्नूकर आमच्याकडे जबलपूरला निघाला, १८७५ ला, इंग्रज फौजेच्या मेसमध्ये, तर ते खूश, दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला सांगत होते. त्यांनी मला १९८५ ची फायनल सांगितली. स्टीव्ह डेव्हिस तेव्हाचा राजा, डेनिस टेलरविरुद्ध ८-० पुढे, आणि शेवटी १७-१७, शेवटची फ्रेम, शेवटचा काळा, मध्यरात्र उलटून गेलेली आणि एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक टीव्हीसमोर. डेव्हिसला काळ्याचा बारीक कट मिळाला, चुकला, टेलरने घातला. संपूर्ण मॅचमध्ये टेलर पुढे असा फक्त त्या एका बॉलने गेला. मी विचारलं, मग डेव्हिसचं काय झालं, लोक नेहमी टेलरचंच सांगतात. आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी पण फायनल हरला, जो जॉन्सनकडून, १८-१२. आणि मग १९८७, ८८, ८९, तिन्ही वर्षं तोच.

मला त्यातलं ८६ जास्त लागलं. जिंकण्याचं राहू दे, पण एवढं सगळ्या देशासमोर झाल्यावर पुढच्या वर्षी तो त्याच दारातून आत आला, त्याच टेबलाशी वाकला आणि परत हरला आणि तरी आला. मी दोन आठवडे पबच्या रस्त्याने जाणं टाळत होते.

त्या शुक्रवारी गेले. दहा मिनिटांत परत आले, हात गार पडले होते. पुढच्या वेळी नुसती बसले, लोकांचं बघितलं, एक ज्यूस प्यायले. तिसऱ्या वेळी पबचीच एक वाकडी स्टिक घेऊन खेळले आणि हरले आणि काही झालं नाही. मग शोधून काढलं, बसने अर्ध्या तासावर एक हॉल आहे जिथे नऊ फुटी अमेरिकन टेबलं आहेत, तिथे मंगळवारी सकाळी, नाइट नसेल तेव्हा, जाते. मॅच नाही खेळत अजून. एकटीच. पांढरा आणि एक बॉल सरळ रेषेत लावायचा, घालायचा आणि पांढरा जागेवर थांबवायचा, वीस वेळा. पहिल्या मंगळवारी नऊ थांबले. गेल्या वेळी चौदा. मधेमधे मुद्दाम तो काळा लावते, पॉकेटच्या तोंडाशी, अगदी तसाच. पहिल्यांदा लावला तेव्हा छातीत धडधडलं, खोटं कशाला बोलू. आता नुसता बॉल वाटतो, बहुतेक वेळा.

लहानपणी पडवीत कॅरम खेळताना राणी घेऊन कव्हर चुकलं की मी बोर्ड उधळायचे आणि तू एकेक सोंगटी वेचून परत मांडायचास, आठवतं? मी रुसून आईकडे जायचे आणि परत यायचे तेव्हा बोर्ड मांडून तयार असायचा आणि स्ट्रायकर माझ्या बाजूला. कोलवाळच्या पुलावर मी परत तेच केलं, फक्त तीस वर्षांची होऊन. तू मला तिथे नेलंस कारण तुला माझा खेळ दाखवायचा होता. मला माहीत होतं. बोलताना पण माहीत होतं. माफ कर मला.

चतुर्थीची रजा टाकलीय, मिळेल असं वाटतंय. म्हापशाला परत जायचंय, स्पर्धा असो नसो, आणि यावेळी आदल्या दिवशी जाऊ, तू म्हणशील तेवढा वेळ. तोवर जमलं तर एक कर, मावशीकडे जाशील तेव्हा टेप घेऊन जा आणि त्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड मोजून कळव, इथल्यापेक्षा ते अरुंद वाटलं मला, खरंच आहे की त्या रात्री वाटलं ते बघायचंय.

आणि स्टिक. पाठवू नको, पार्सलमध्ये मोडेल. पण दाराआड भिंतीला टेकून उभी असेल तर काढ, पाऊस सुरू झाला की तशीच वाकेल, लाकडाचं तुला मी काय सांगणार. पेटीत घालून आडवी ठेव, तुझ्या कारखान्यात लाखेच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, तिथे कोरडं असतं. टीप घासू नको, ती मी येऊन करते.

तुझी,
बाबी