आई-बाबा, मी सेमिनरीला जात नाहीये, का ते सांगतो

प्रिय आई, बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

फोनवर हे बोलणं नीट होत नाही, आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "बघू, बघू" म्हणत विषय पावसावर नेतात, म्हणून लिहायलाच बसलो. तर आधी निर्णय सांगतो. पाळक होण्याचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीचा फॉर्म मी भरणार नाहीये. बंगळुरूची नोकरी पण घेत नाहीये. कॉलेजात शिकवतोय तेच शिकवत राहणार आणि शुक्रवारी संध्याकाळी आमचं घर पोरांसाठी उघडं ठेवणार. हे आम्ही दोघांनी प्रार्थना करून ठरवलंय, तुमच्या सूनबाईचा यात माझ्याइतकाच वाटा आहे.

आई, मी पाळक व्हावं म्हणून तू माझ्या जन्माआधीपासून प्रार्थना करतेयस हे मला माहीत आहे, त्या प्रार्थनेचा मला भार वाटत नाही, उलट तिच्यामुळेच मी इथवर आलो असं वाटतं. म्हणून तुला तरी पूर्ण सांगायला हवं की शुक्रवारी आमच्याकडे नक्की काय होतं.

पुण्यात शिकायला आलेली आपली ख्रिस्ती पोरं पहिल्या सेमिस्टरमध्येच हरवतात. जालना, बीड, नगरच्या गावांतून आलेला मुलगा इंग्रजी चर्चला जातो, तिथे गिटार, प्रोजेक्टर, सगळं छान असतं पण त्याला अर्धं कळत नाही आणि उपासना संपल्यावर कोणाशी बोलायचं ते सुचत नाही. मराठी मंडळीत, म्हणजे मराठी चर्चमध्ये, जावं तर तिथे सगळी कुटुंबं, काका-काकू, हा एकटाच मागच्या बाकावर. दोनतीन रविवार जातो, मग सबमिशन येतात, मग सुटतं ते सुटतंच. नागालँड-मिझोरामच्या पोरांचं तिसरंच, ती आपापल्या भाषेच्या फेलोशिपमध्ये असतात आणि मराठी पोरांची त्यांच्याशी ओळखच होत नाही. आमच्या हॉलमध्ये ही सगळी एकत्र बसतात. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मध्ये इंग्रजी. एक उतारा घ्यायचा, त्यात काय लिहिलंय ते नीट बघायचं, त्याचा अर्थ काय ते बोलायचं, आणि मग सोमवारी लॅबमध्ये, होस्टेलवर त्याचं काय करायचं ते. उपदेश कोणी देत नाही. नंतर खिचडी.

जालन्याच्या एका मुलाने एकदा सगळे गेल्यावर थांबून सांगितलं की सर, माझ्या दाखल्यावर धर्म एक आहे आणि रविवारी मी दुसरा असतो. बाबा, तुम्हाला हे नवीन नाही, अनुसूचित जातीच्या सवलतींतून ख्रिस्ती माणसाला बाहेर ठेवणाऱ्या १९५० च्या त्या आदेशावर तुम्ही आयुष्यभर बोलत आलात, शिखांना १९५६ ला सवलत मिळाली, बौद्धांना १९९० ला, आणि आपला दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. पण एकोणीस वर्षांचा पोरगा ते एकटा वाहतोय, रूममेटसमोर प्रार्थनेला डोळे मिटायला घाबरतो, स्कॉलरशिप गेली तर शिक्षण थांबतं ही भीती खरी आहे. मी त्याला अमुक कर असं सांगितलं नाही. त्याच्याबरोबर बसलो. आता तो दर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालतो, आणि ज्या खोलीत त्याला काही लपवावं लागत नाही अशी एक खोली या शहरात आहे, एवढ्यासाठी मी नोकरी बदलणार नाही म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

आणि ३ मे २०२३ ला मणिपूरमध्ये हिंसाचार उसळला, त्यानंतरचे दिवस. आमच्यात तिथल्या चुराचांदपूरची एक मुलगी होती. तिकडे इंटरनेट बंद, घरच्यांचा पत्ता लागेना. गावाकडच्या आमच्या पोरांना तोवर मणिपूर नकाशावर दाखवता आलं नसतं, तीच पोरं परीक्षा तोंडावर असताना रोज संध्याकाळी येऊन तिच्याबरोबर बसली. काय बोलावं कोणालाच कळत नव्हतं. शेवटी जालन्याच्या त्या मुलाने आपल्या ख्रिस्ती कवीचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, एक भजन म्हटलं, तिला मराठीचा एक शब्द कळत नाही, पण ती म्हणाली परत म्हण. मंडळी म्हणजे काय हे मी लहानपणापासून कॅटेकिझममध्ये, धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांत, पाठ केलं, पण समजलं ते त्या आठवड्यात.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. यूईएसआय ही विद्यार्थ्यांमधली ख्रिस्ती संघटना १९५४ पासून हेच करतेय, कॉलेजाकॉलेजात पोरांनीच चालवायची ई.यू., म्हणजे विद्यार्थ्यांचा गट, आणि शिकून बाहेर पडलेल्यांनी आपल्या पगारातून, वेळातून त्यांच्यामागे उभं राहायचं. मी स्वतः त्यातूनच वर आलो, सेकंड इयरला मला कोणीतरी असंच घरी जेवायला बोलावलं होतं. पूर्णवेळ सेवक लागतातच, त्यांच्यासाठी आमचा दशांश, पगाराचा दहावा भाग, जातो. पण मी तो नाही, हे मला खूप वर्षं विचारून विचारून स्पष्ट झालंय.

बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ पुन्हा वाचा दोघांनी. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करणारे, पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तोच धंदा केला. पुढे इफिसात अपुल्लोस आला, विद्वान, बोलण्यात पटाईत, तर याच नवराबायकोने त्याला आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांनी तंबू सोडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आई, देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, आलं की काम सोडायचंच असं आपल्याकडे धरून चालतात, मला ते पटत नाही. माझं पाचारण लॅबमध्ये पण आहे, जर्नल न वाचता सही करायची नाही, व्हायवाला घाबरलेल्या पोराला पाणी देऊन पुन्हा विचारायचं, कोणाच्या ओळखीवर मार्क द्यायचे नाहीत. पोरं शुक्रवारी काय ऐकतात त्यापेक्षा मी सोमवारी कसा वागतो ते जास्त बघतात.

बाबा, तुमच्या दोन काळज्या. पैसा कमी आहे हे खरं, पण घरभाडं भागतं आणि सूनबाईची नोकरी पक्की आहे, खिचडीला पोरं वर्गणी काढतात. दुसरी, लोक काय म्हणतील, धर्मांतराचा आळ येईल. दार उघडंच असतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी स्वतः सांगितलंय काय चालतं ते, ते एकदा येऊन जेवून पण गेले. हिंदू मित्र येतात, गप्पा मारतात, गणिताच्या शंका विचारतात, त्यांना कसलं आमिष नाही, कसला आग्रह नाही. तुम्हीच मला टिळकांच्या देवाच्या दरबाराबद्दल सांगायचात, १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी तो मांडला, बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला दोघांनाही तिथे जागा. दोन वर्षांत ते गेले आणि ते काम राहून गेलं. मला ती गोष्ट लहानपणीच लागली होती, आत्ता कळतंय किती खोल लागली होती. टिळकांनी नोकरी सोडली, मी सोडत नाही, पण जागा तीच द्यायचीय.

आता मागणं. नाताळाच्या आधी तुम्ही दोघं पंधरा दिवस इथे या. आमच्या पोरांना टिळकांची भजनं जुन्या चालीत येत नाहीत, यूट्यूबवरून शिकलेली आहेत, चुकीच्या ठिकाणी ताण देतात आणि बाबा, ते ऐकून तुम्हाला राहवणार नाही. पेटी इथे आहे, टाळ मात्र घेऊन या, आपले जुने. आई, तू त्या पोरींशी बोल. कितीजणींच्या घरी लग्नाची घाई चाललीय आणि त्यांना शिकायचंय, त्यांना माझ्यापेक्षा तुझं ऐकायचं असतं, नर्सिंगला जायला तू आजोबांशी कशी भांडलीस ते सांग. आणि येऊन बघितल्यावरही तुला वाटलं की मी सेमिनरीलाच जायला हवं होतं, तर समोर बसून सांग, मी पूर्ण ऐकून घेईन.

गाडीचं तिकीट मी काढतो, फक्त तारीख कळवा. बाबांची शुगरची गोळी इथे मिळते, तिकडून साठा आणू नका.

तुमचा,
बाळू

ता.क. सूनबाई म्हणतेय आईंनी लसणाची चटणी आणावी, शुक्रवारी पुरेल एवढी.